पेशीला कसं कळतं की प्रथिनाची घडी चुकली आहे? (मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

तळटीप

जीवशास्त्रावरच्या लेखांत एक वाक्य हमखास भेटतं: 'चुकीची घडी पडलेली प्रथिनं पेशी ओळखते आणि नष्ट करते.' ओळखते म्हणजे नेमकं काय करते, हे तिथे सांगितलेलं नसतं. माणसाच्या पेशीत हजारो प्रकारची प्रथिनं असतात आणि प्रत्येकाचा अंतिम आकार वेगळा. या आकारांचे नमुने पेशीने कुठेही जपून ठेवलेले नाहीत. डीएनएत असतो तो फक्त अमिनो आम्लांचा क्रम. मग ताडून बघायचं कशाशी?

माझ्या मते याचं उत्तर असं: कशाशीच नाही. पेशी दोनच गोष्टी बघते. जे आत दडायला हवं ते बाहेर दिसतंय का, आणि किती वेळ दिसतंय. ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, फेनिलअ‍ॅलनिन ही जलद्वेषी अमिनो आम्लं नीट घडी बसलेल्या प्रथिनात गाभ्यात असतात. ती बराच वेळ उघडी राहिली, तर ते प्रथिन संशयित. बाकीची सगळी यंत्रणा या दोन निकषांवर उभी आहे, आणि तिचे गुणदोषही तिथूनच येतात.

घडी बसायला लागणारी माहिती क्रमातच असते, हे ख्रिश्चन अन्फिन्सेन यांनी रायबोन्यूक्लिएज-ए वर दाखवलं (१९७२ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याचंच). १२४ अमिनो आम्लांचं हे विकर. त्यात ८ सिस्टीन, म्हणजे ४ डायसल्फाइड बंध (दोन सिस्टीनांच्या गंधकांमधले बंध). आठांच्या चार जोड्या १०५ प्रकारे लावता येतात, त्यातला एकच प्रकार खरा. ८ मोलर युरिया आणि हे बंध तोडणारं मर्कॅप्टोइथेनॉल घालून प्रथिन पूर्ण उलगडलं, मग दोन्ही काढून टाकले, तर खऱ्याच जोड्या परत जुळतात. युरिया तसाच ठेवून बंध जुळू दिले तर मात्र जोड्या वाटेल तशा लागतात आणि काम जेमतेम १ टक्का उरतं.

पण हे परीक्षानळीत, विरळ द्रावणात आणि निवांतपणे. जिवाणूच्या पेशीद्रवात दर मिलिलिटरला ३०० ते ४०० मिलिग्रॅम मोठे रेणू दाटीवाटीने असतात. तिथे अर्धवट घडीच्या प्रथिनाचा चिकट (जलद्वेषी) भाग स्वतःच्या गाभ्यात जाण्याआधीच शेजाऱ्याला चिकटू शकतो. देखरेखीची गरज इथे सुरू होते. प्रथिन बनवणाऱ्या रायबोसोमपासून प्रथिन तोडणाऱ्या प्रोटिआसोमपर्यंत क्रमाने जाऊ या. जाणकारांनी भर घालावी आणि चुकत असेल तिथे दुरुस्त करावं.

पेशीजाल

रायबोसोमपासून सुरुवात करतो. नवी साखळी ज्या बोगद्यातून बाहेर येते तो साधारण १० नॅनोमीटर लांब आहे आणि त्यात ३० ते ४० अमिनो आम्लं मावतात. बोगदा इतका अरुंद की आत सर्पिल वळण पडू शकतं, पूर्ण घडी नाही. म्हणजे शेपूट अजून आत तयार होतंय आणि डोकं बाहेर उघडं पडलंय, अशी अवस्था प्रत्येक प्रथिनावर येते. आपल्या पेशींत रायबोसोमचा वेग सेकंदाला ५ अमिनो आम्लांच्या आसपास, जिवाणूंत १५ ते २०. म्हणजे आपल्याकडे ५०० अमिनो आम्लांचं प्रथिन दीड मिनिटाहून जास्त वेळ असं लोंबकळत असतं.

म्हणून जिवाणूंत ट्रिगर फॅक्टर नावाचा शॅपरोन (इतर प्रथिनांना घडी बसेपर्यंत सांभाळणारं प्रथिन) बोगद्याच्या तोंडाशीच बसलेला असतो. आपल्या पेशींत त्या जागी वेगळं संकुल असतं. त्याच्या पुढची फळी एचएसपी-७० या शॅपरोनची.

एचएसपी-७० साधारण सात अमिनो आम्लांचा जलद्वेषी तुकडा पकडतो. असे तुकडे जवळपास प्रत्येक प्रथिनात दर ३०-४० अमिनो आम्लांमागे एक सापडतात. एवढा साधा निकष असल्यामुळेच एक शॅपरोन शेकडो निरनिराळ्या प्रथिनांना पुरतो. एटीपी बसलेला असताना त्याचं झाकण उघडं असतं, तुकडा येतो आणि लगेच सुटतो. एटीपीचं एडीपी झालं की झाकण मिटतं आणि पकड घट्ट होते. स्वतःहून ही क्रिया फार मंद आहे. एचएसपी-४० वर्गातली प्रथिनं तुकडा आणून देतात आणि तुकडा व एचएसपी-४० मिळून तिचा वेग हजारपटीहून जास्त वाढवतात. मग अदलाबदल करणारा तिसरा घटक एडीपी काढतो, नवं एटीपी बसतं, झाकण उघडतं, प्रथिन सुटतं. सुटल्यावर घडी बसली तर ठीक, नाहीतर तोच तुकडा पुन्हा पकडला जातो.

रेघोट्या

म्हणजे शॅपरोन घडी घालून देत नाही? पाठ्यपुस्तकातल्या चित्रांत तर तो प्रथिनाला हवा तो आकार देताना दिसतो.

पेशीजाल

नाही, ते चित्र दिशाभूल करतं. शॅपरोनला अंतिम आकार माहीतच नसतो. तो चिकट भाग झाकून ठेवतो, गुठळी होऊ देत नाही आणि सोडून देऊन पुन्हा संधी देतो. कधी चुकून बसलेली घडी थोडी उलगडतोही. घडी प्रथिन स्वतःच घालतं. यातून तळटीप यांचा मुद्दा सरळ निघतो: ज्याची घडी बसली त्याचे तुकडे आत गेले, म्हणून शॅपरोनला ते सापडतच नाही. 'उत्तीर्ण' असा शिक्का कुठेच नाही. परत पकडलं न जाणं हाच शिक्का.

वलय

एचएसपी-६० या दुसऱ्या शॅपरोन गटाबद्दल मी लिहितो, कारण 'बंद खोलीत घडी' हा प्रकार वेगळा आहे.

जिवाणूंतला ग्रोईएल म्हणजे सात-सात उपघटकांची दोन वलयं पाठीला पाठ लावून. प्रत्येक उपघटक ५७ किलोडाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वस्तुमानाचं एकक), सगळं मिळून ८०० च्या आसपास. वलयाच्या तोंडाशी जलद्वेषी अस्तर असतं, त्यावर अर्धवट घडीचं प्रथिन चिकटतं. मग सात एटीपी आणि ग्रोईएस नावाचं झाकण येऊन बसतं. झाकण बसताच वलयाचे उपघटक वळतात, चिकट अस्तर बाजूला जातं आणि प्रथिन आतल्या पोकळीत पडतं. या पोकळीची भिंत आता जलस्नेही असते. २५ अंश सेल्सिअसला साधारण १० सेकंद प्रथिन तिथे एकटं असतं, गुठळी करायला शेजारी कुणी नाही. मग झाकण उडतं आणि प्रथिन बाहेर, घडी बसलेली असो वा नसो. न बसलेलं पुन्हा येतं.

मर्यादा आकाराची. ६० किलोडाल्टनच्या पुढचं प्रथिन पोकळीत मावत नाही. ई. कोलायची अवघी काही डझन प्रथिनं याच्यावाचून अडतात, पण त्यांतली काही जीवनावश्यक असल्यामुळे ग्रोईएलशिवाय जिवाणू कुठल्याच तापमानाला जगत नाही. आपल्या पेशीद्रवातल्या नातलगाचं नाव ट्रिक. त्याच्या प्रत्येक वलयात आठ उपघटक आणि आठही वेगळे. अ‍ॅक्टिन आणि ट्यूब्युलिन यांची घडी त्याच्याविना बसत नाही. प्रयोगासाठी ई. कोलायमध्ये मानवी अ‍ॅक्टिन बनवायला गेलं की ते अविद्राव्य गोळा होऊन बसतं, त्याचं कारण हेच. तापमान कमी करून किंवा प्रेरक बदलून फारसा फरक पडत नाही, तिथे ट्रिक नाहीच.

रेघोट्या

मग 'आता पुरे, हे फेकून द्या' हे कोण ठरवतं?

तळटीप

पेशीद्रवात त्याचं एक सुंदर उदाहरण चिप नावाच्या प्रथिनाचं. एचएसपी-७० आणि एचएसपी-९० या दोघांच्याही शेपटीला चार अमिनो आम्लांची एकच खूण असते. घडीला मदत करणारे सहशॅपरोन तिथेच येऊन बसतात आणि चिपही तिथेच बसतो. चिपच्या दुसऱ्या टोकाला युबिक्विटिन (विल्हेवाटीची खूण म्हणून लागणारं छोटं प्रथिन) लावणारा भाग आहे. प्रथिन शॅपरोनवर जितका जास्त वेळ आणि जितक्या जास्त वेळा, तितकी चिपची गाठ पडण्याची शक्यता जास्त. निर्णय घेणारं असं कुणी नाही, शर्यत आहे. दोन सेकंदांत घडी बसणारं प्रथिन ही शर्यत सहज जिंकतं, वारंवार परत येणारं कधीतरी हरतं.

यामुळे धडधाकट प्रथिनंही थोडीफार बळी जातात आणि थोडी बिघडलेली सुटतात. चाळणी शक्यतेवर चालते, हे लक्षात ठेवलं की पुढचे आजार नीट समजतात.

सूक्ष्मिका

आंतर्द्रव्यजालिकेतली (पुढे फक्त ईआर म्हणते) व्यवस्था माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत देखणी आहे, तिथे जरा थांबू या. पेशीबाहेर जाणारी आणि पटलात बसणारी प्रथिनं ईआरमध्ये शिरतात, आणि तिथे वेळ मोजायचं घड्याळ साखरेचं आहे.

साखळी आत शिरतानाच अ‍ॅस्परजिन – कुठलंही एक – सेरीन किंवा थ्रिओनीन असा क्रम दिसला (मधलं प्रोलीन सोडून), की त्या अ‍ॅस्परजिनवर १४ शर्करांचं तयार झाड एकाच घावात लावलं जातं. बुंध्याला २ एन-अ‍ॅसिटिलग्लुकोसामाइन, वर ९ मॅनोज तीन फांद्यांत, आणि एका फांदीच्या टोकाला ३ ग्लुकोज.

आता नजर त्या तीन ग्लुकोजवर ठेवा. ग्लुकोसिडेज-१ हे विकर पहिला काढतं, ग्लुकोसिडेज-२ दुसरा. एकच ग्लुकोज उरलेलं झाड कॅल्नेक्सिन आणि कॅल्रेटिक्युलिन हे ईआरमधले शॅपरोन ओळखतात आणि प्रथिन धरून ठेवतात. त्यांच्यासोबत ईआरपी-५७ असतो, तो डायसल्फाइड बंधांची अदलाबदल करतो. अन्फिन्सेन यांच्या प्रयोगातलं जोड्यांच्या १०५ प्रकारांचं जे कोडं, ते पेशीत अशी विकरं सोडवतात. मग ग्लुकोसिडेज-२ तिसरा ग्लुकोजही काढतो आणि प्रथिन सुटतं.

सुटल्यावर त्याची गाठ यूजीजीटी या विकराशी पडते. हाच खरा तपासनीस. पूर्ण घडी बसलेलं प्रथिन त्याला दिसत नाही. पूर्ण उलगडलेलंही तो फारसा धरत नाही. त्याची पसंती जवळजवळ घडी बसलेल्या, पण कुठेतरी गाभा सैल असलेल्या प्रथिनाला. तसं सापडलं की तो एक ग्लुकोज परत लावतो आणि प्रथिन पुन्हा कॅल्नेक्सिनकडे. लावा, काढा, लावा, काढा असं हे चक्र.

कायमचं अडकू नये म्हणून मॅनोज. ईआरमधले मॅनोसिडेज आणि ईडीईएम गटातली प्रथिनं अगदी सावकाश एकेक मॅनोज छाटत असतात. नीट घडीचं प्रथिन त्याआधीच गॉल्गीकडे (ईआरनंतरच्या टप्प्याकडे) निघून जातं. रेंगाळलेल्याचं झाड छाटून छाटून एक विशिष्ट मॅनोज उघडा पडतो, ओएस-९ सारखी प्रथिनं तो वाचतात आणि प्रथिन विल्हेवाटीच्या रांगेत जातं. ज्या फांदीवर ग्लुकोज लागतो तिचा मॅनोज छाटला गेला, तर यूजीजीटीला ग्लुकोज लावायला जागाच उरत नाही, म्हणजे परतीची वाट बंद.

हे पडताळायला दोन रसायनं कामाला येतात. कॅस्टॅनोस्पर्मिनने ग्लुकोसिडेज थांबवलं तर प्रथिन कॅल्नेक्सिनपर्यंत पोहोचतच नाही. किफुनेन्सिनने मॅनोसिडेज थांबवलं तर घड्याळच बंद पडतं आणि एरवी नष्ट होणारं बिघडलेलं प्रथिन ईआरमध्ये साचतं.

अवांतर: बेकरीच्या यीस्टमध्ये यूजीजीटीचं हे चक्र नाही, मॅनोजचं घड्याळ मात्र आहे. कॅल्नेक्सिन चक्राचे निष्कर्ष यीस्टवरून थेट मानवी पेशींना लावू नयेत.

अक्षांश

उत्तम लिहिलंय. एक भर: ज्या प्रथिनांवर साखर नसते त्यांना बिप, म्हणजे ईआरमधला एचएसपी-७०, सांभाळतो.

आणि एक शंका. प्रोटिआसोम पेशीद्रवात, बिघडलेलं प्रथिन ईआरच्या आत. बाहेर कसं येतं?

सूक्ष्मिका

पटलात बसलेल्या एचआरडी-१ मधून. ते युबिक्विटिन लावणारं, ई-३ गटातलं विकर आहे आणि प्रथिनाला पटल ओलांडू देणारी वाटही त्याच्यातूनच जाते. साखळीचा थोडा भाग पेशीद्रवाच्या बाजूला डोकावला की त्यावर युबिक्विटिनची माळ लागते. मग पी-९७ येतो. सहा उपघटकांचं हे एटीपीवर चालणारं यंत्र माळेतला एक युबिक्विटिन उलगडून आपल्या मधल्या छिद्रात ओवतं आणि तिथून सगळी साखळी ओढून काढतं. बाहेर आल्यावर एक विकर साखरेचं झाड तोडतं, मग प्रोटिआसोम.

इथे होणारी एक चूक: एमजी-१३२ या रसायनाने प्रोटिआसोम थांबवला आणि प्रथिन पेशीद्रवात, साखर उतरलेल्या रूपात साचलं, की 'हे ईआरमध्ये शिरलंच नव्हतं' असा निष्कर्ष काढला जातो. शिरलं होतं, बाहेर ओढलं गेलं. साखर उतरवणारं विकर अ‍ॅस्परजिनचं अ‍ॅस्पार्टिक आम्ल करून जातं. मास स्पेक्ट्रोमेट्रीत तो साधारण १ डाल्टनचा फरक शोधावा. मात्र अ‍ॅस्परजिन स्वतःहूनही असं बदलतं, म्हणून साखर कधीच न लागलेला नमुना तुलनेला ठेवावा.

अक्षांश

आता युबिक्विटिन आणि प्रोटिआसोम मी घेतो.

युबिक्विटिन ७६ अमिनो आम्लांचं. शेवटचं ग्लायसीन बिघडलेल्या प्रथिनाच्या लायसीनला जोडलं जातं. ई-१ एटीपी खर्चून त्याला सक्रिय करतो, ई-२ वाहून नेतो, ई-३ गिऱ्हाईक ओळखतो. माणसात ई-१ दोन, ई-२ चाळीसच्या आसपास, ई-३ सहाशेच्या वर. ओळखण्याचं काम ई-३ चं असल्यामुळे त्यांचीच संख्या एवढी मोठी. या शोधासाठी सिकॅनोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

एक गैरसमज काढून टाकू या. युबिक्विटिन लागलं म्हणजे प्रथिन संपलं, असं नाही. युबिक्विटिनवर स्वतःची ७ लायसीनं आहेत आणि माळ कुठल्या लायसीनवरून गुंफली यावर अर्थ ठरतो. ४८ व्या लायसीनवरची माळ ही विल्हेवाटीची नेहमीची खूण. ६३ व्या लायसीनवरची बहुधा संदेशवहन किंवा डीएनए दुरुस्तीची. चार युबिक्विटिनची माळ किमान लागते हा जुना नियम सोयीचा आहे, पण काही प्रथिनांना अनेक ठिकाणी सुटे युबिक्विटिन लागले तरी पुरतं.

२६-एस प्रोटिआसोम अडीच मेगाडाल्टनचा. मधला २०-एस नळकांडा २८ उपघटकांचा, सात-सातची चार वलयं. कापणारी पाती आतल्या दोन वलयांत, तोंड आतल्या बाजूला. बाहेरून आत जायचं छिद्र सुमारे १३ अँगस्ट्रॉम, म्हणजे उलगडलेली साखळीच जेमतेम जाईल. ही अरुंद वाट म्हणजे पेशीची सुरक्षा, घडी बसलेलं प्रथिन चुकूनही आत पडत नाही. टोपीतले सहा एटीपीएज साखळी ओढून उलगडतात. आरपीएन-११ हे विकर दारातच युबिक्विटिनची माळ बुंध्यापासून कापून घेतं, म्हणून युबिक्विटिन पुन्हा वापरता येतं. बाहेर पडणारे तुकडे ३ ते २५ अमिनो आम्लांचे, बहुतेक ७ ते ९ च्या आसपास.

ओढायला सुरुवात करण्यासाठी प्रथिनात एखादं सैल, घडी नसलेलं टोक लागतं. माळ आहे पण धरायला टोक नाही, तर प्रोटिआसोम अडतो. डायहायड्रोफोलेट रिडक्टेजला विल्हेवाटीची खूण जोडली तर ते नष्ट होतं. तेच त्याला चिकटणारं औषध मेथोट्रेक्सेट घालून घट्ट केलं, की माळ असूनही टिकतं.

रेघोट्या

सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात हीच चाळणी घात करते ना?

तळटीप

हो, आणि माझ्या मूळ मुद्द्याचा सर्वांत कडू पुरावा तोच. या आजारात बिघडणारं प्रथिन सीएफटीआर. ते १४८० अमिनो आम्लांचं, अनेक वेळा पटल ओलांडणारं क्लोराइडचं दार. सर्वांत जास्त आढळणाऱ्या उत्परिवर्तनात तीन बेस गळतात आणि ५०८ वं फेनिलअ‍ॅलनिन नाहीसं होतं. प्रथिन बनतं, पण घडी बसायला उशीर होतो. ईआरची चाळणी ते जवळपास सगळं गाळून प्रोटिआसोमला देते. आता वेदनेची बाब ही की पेशी २६-२७ अंशांना वाढवल्या तर तेच प्रथिन पृष्ठभागापर्यंत पोहोचतं आणि क्लोराइड वाहून नेतं, मूळइतकं नाही पण नेतं. म्हणजे कामापुरतं प्रथिन केवळ रेंगाळलं म्हणून फेकलं जात होतं.

'सुधारक' औषधं इथेच काम करतात. ल्युमाकाफ्टर, टेझाकाफ्टर, एलेक्साकाफ्टर हे रेणू सीएफटीआरलाच चिकटून त्याची घडी सावरतात. एलेक्साकाफ्टर, टेझाकाफ्टर आणि दार उघडं ठेवणारा आयव्हाकाफ्टर यांच्या तिहेरी औषधाला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. दोन सुधारक का? ते प्रथिनाच्या वेगवेगळ्या जागी आधार देतात, म्हणून परिणामांची बेरीज होते.

साध्या, निरोगी सीएफटीआरचंही निम्म्याहून जास्त प्रथिन ईआरमध्येच वाया जातं.

वलय

शेवटच्या वाक्याला दुरुस्ती सुचवतो. तो आकडा बाहेरून जनुक घालून भरमसाट सीएफटीआर बनवणाऱ्या पेशींतला आहे. जिथे सीएफटीआर नैसर्गिकरीत्या बनतं अशा काही श्वसनमार्गीय आणि आतड्याच्या पेशींत मोजल्यावर जवळपास सगळं प्रथिन पक्व होतं असं आढळलं. उत्पादन वाढवलं की शॅपरोन अपुरे पडतात आणि चाळणी जास्त गाळते.

तळटीप

मान्य, महत्त्वाची दुरुस्ती. ते वाक्य बाहेरून जनुक घातलेल्या पेशींपुरतंच वाचावं.

सूक्ष्मिका

उलट टोकाचं उदाहरण अल्फा-१ अँटिट्रिप्सिन या, यकृतात बनून फुप्फुसांना जपणाऱ्या प्रथिनाच्या झेड प्रकाराचं. ३४२ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसीन. इथे एका रेणूचं लवचीक टोक दुसऱ्याच्या पत्र्यासारख्या घडीत घुसतं आणि साखळीला साखळी जोडली जाऊन यकृतपेशींच्या ईआरमध्ये दोऱ्या बनतात. जनुकाच्या दोन्ही प्रती झेड असतील तर रक्तात नेहमीच्या १०-१५ टक्केच प्रथिन पोहोचतं. एकाच बदलाने दोन आजार: फुप्फुसांना संरक्षण कमी पडून एम्फिसिमा, यकृतात साचून सिऱ्होसिस. सीएफटीआरमध्ये प्रथिन नसण्याचा त्रास, इथे नसण्याचा आणि असण्याचा दोन्ही.

आणि इथेच प्रोटिआसोम हरतो. दोऱ्या झाल्यावर १३ अँगस्ट्रॉमच्या छिद्रात काय जाणार? तिथे स्वभक्षण लागतं, म्हणजे दुहेरी पटलाची पिशवी गुठळीभोवती गुंडाळून लयकारिकेत (पेशीतल्या पचनाच्या पिशवीत) नेणं. पेशीद्रवातल्या गुठळ्यांसाठी पी-६२ हा दुवा आहे, एका हाताने युबिक्विटिन धरतो, दुसऱ्याने पिशवीच्या पटलावरचं एलसी-३.

पेशीजाल

यीस्ट आणि जिवाणूंकडे आणखी एक सोय आहे: गुठळीतून एकेक साखळी ओढून सोडवणारी यंत्रं, यीस्टमध्ये एचएसपी-१०४, जिवाणूंत क्लिपबी. सोडवलेली साखळी एचएसपी-७० कडे जाते आणि परत घडी बसू शकते. प्राण्यांच्या पेशीद्रवात हे यंत्र नाही. तिथे एचएसपी-७०, एचएसपी-४० आणि एचएसपी-११० मिळून तेच काम करतात, पण कमी जोमाने.

ईआरमध्ये बिघडलेली प्रथिनं साचली की धोक्याचे तीन संवेदक जागे होतात. पर्क नवी प्रथिनं बनवण्याचा वेगच कमी करतो. एटीएफ-६ गॉल्गीत जाऊन कापला जातो आणि त्याचा तुकडा केंद्रकात जातो. आयआरई-१ तर एक्सबीपी-१ च्या आरएनएतून बरोबर २६ न्यूक्लिओटाइडांचा तुकडा कापतो, त्यामुळे वाचनाची चौकट सरकते आणि तिथून पुढे वेगळंच, शॅपरोन वाढवणारं प्रथिन बनतं. ताण ओसरला नाही तर शेवटी पेशी आत्मनाशाकडे वळते.

नवांकुर

वाचनखूण साठवली. प्रत्यक्ष प्रयोगाचा प्रश्न विचारते. एखादं प्रथिन प्रोटिआसोममार्फत नष्ट होतं की लयकारिकेमार्फत, हे ठरवायला नेमकं काय करावं?

अक्षांश

सायक्लोहेक्सिमाइड चेस. सस्तन पेशींत ५० ते १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर देऊन नवं उत्पादन थांबवा आणि ०, १, २, ४, ६ तासांना नमुने घ्या. तीन संच ठेवा: नुसतं सायक्लोहेक्सिमाइड, सोबत १० मायक्रोमोलर एमजी-१३२, सोबत लयकारिका थांबवणारं १०० नॅनोमोलर बॅफिलोमायसिन. ज्या संचात जेलवरची प्रथिनाची पट्टी टिकते तो मार्ग.

चुका कुठे होतात ते सांगतो. चेस न करता फक्त एमजी-१३२ देऊन पट्टी वाढलेली पाहून निष्कर्ष काढू नका, उत्पादनही वाढलेलं असू शकतं. एमजी-१३२ कॅल्पेन आणि काही कॅथेप्सिन ही प्रथिनं तोडणारी इतर विकरंही थांबवतं, म्हणून प्रोटिआसोम थांबवणाऱ्या बॉर्टेझोमिबने खातरजमा करा. सहा तासांपलीकडे गेलात तर मोकळं युबिक्विटिन संपत येतं, शॅपरोन वाढतात, स्वभक्षणही वाढतं, आणि मग तुम्ही मूळ स्थिती मोजतच नसता. यीस्टमध्ये साध्या वाणावर एमजी-१३२ जवळजवळ निरुपयोगी आहे, पीडीआर-५ पंप ते बाहेर फेकतो. पंप काढलेला वाण घ्या. जिवाणूंवर सायक्लोहेक्सिमाइड चालत नाही, तिथे क्लोरॅम्फेनिकॉल.

युबिक्विटिनची माळ बघायची असेल तर पेशी फोडायच्या द्रावणात १० मिलिमोलर एन-इथाइलमॅलिमाइड ताजं घाला, नाहीतर माळ सोडवणारी विकरं बर्फावरसुद्धा ती खाऊन टाकतात. त्याच द्रावणात डीटीटी घालू नका, ते मॅलिमाइड निकामी करतं. आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीसाठी आयोडोअ‍ॅसिटामाइड टाळा. त्याचे दोन रेणू एका लायसीनला लागले तर ११४ डाल्टनची भर पडते, आणि ट्रिप्सिननंतर युबिक्विटिनची जी दोन ग्लायसिनं उरतात त्यांची भरही तेवढीच. क्लोरोअ‍ॅसिटामाइड वापरा.

सूक्ष्मिका

यात एक अत्यंत गरजेची भर. पेशी १ टक्का ट्रायटनमध्ये (सौम्य डिटर्जंटमध्ये) फोडून फिरवल्यावर तळाचा गोळा फेकू नका. घडी चुकलेलं प्रथिन अविद्राव्य होऊन त्या गोळ्यात जातं, वरच्या द्रवात पट्टी कमी होते, आणि नष्ट झालं असं वाटतं. गोळा २ टक्के एसडीएसमध्ये (तीव्र डिटर्जंटमध्ये) सोनिकेट करून, म्हणजे ध्वनिलहरींनी फोडून, शेजारच्या रांगेत चालवा. दोन्हींची बेरीज कमी झाली तरच ऱ्हास म्हणा.

प्रथिन ईआरच्या पुढे गेलं का हे एंडो-एच हे विकर सांगतं. ईआरमधलं मॅनोजने भरलेलं झाड ते तोडतं, गॉल्गीत बदललेलं झाड तोडू शकत नाही. पीएनगेज-एफ दोन्ही तोडतं, म्हणून तीच रांग तुलनेला.

नवांकुर

आभारी आहे. सीएफटीआरची पट्टी मात्र मोठ्या आकाराचा डाग म्हणून जेलच्या विहिरीपाशीच अडकते, खाली १४० ते १७० किलोडाल्टनच्या दरम्यान काहीच दिसत नाही. नमुना ९५ अंशांना पाच मिनिटं उकळलेला आहे.

सूक्ष्मिका

उकळल्यामुळेच. अनेक वेळा पटल ओलांडणाऱ्या प्रथिनाचे जलद्वेषी सर्पिल गरम केल्यावर एकमेकांना चिकटतात आणि एसडीएसमध्येही सुटत नाहीत. नमुना ३७ अंशांना १५ ते ३० मिनिटं ठेवा, उकळू नका. खालची पट्टी ईआरमधली, वरची गॉल्गीतून पक्व होऊन आलेली, अशा दोन्ही वेगळ्या दिसायला हव्यात.